गाजरगवताचे भुंगे उन्हाळ्यात सोडू नका

दादा, एप्रिलमध्ये बांधावरचं गाजरगवत खायला सोडलेले मेक्सिकन भुंगे दिसेनासे झाले म्हणून त्यांना निकामी ठरवू नका. हा भुंगा, म्हणजे झायगोग्रामा, पावसाळ्यातला किडा. कोरड्या दिवसांत तो जमिनीत निपचित पडून राहतो आणि पाऊस लागला की वर येतो. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळुरूला आणला तो याच गवतासाठी. अळ्या नि भुंगे दोघेही पाला खातात. कोवळे शेंडे गेले की फुलं कमी, म्हणजे बीही कमी. खरा फायदा तिथेच आहे. यंदा जुलैत, गवत कोवळं असताना सोडा. आणि कृपा करून त्या पट्ट्यात कीटकनाशक मारू नका, तणनाशकही नको. खायलाच उरलं नाही तर बिचारे टिकणार कसे?