मदत हवी आहे: डी अँड डी च्या पार्टीत (पात्रांच्या चमूत) एकालाही मंत्र येत नाहीत, जादुई वस्तू कोणत्या द्याव्यात?

तीनदरवाजा
राजारामपुरीत दर रविवारी डाव असतो. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. फायटर (लढवय्या), बार्बेरियन (रानटी योद्धा) आणि थीफ प्रकारातला रोग (चोरटा), तिघंही चौथ्या लेव्हलला. पुढचं ठिकाण पन्हाळ्याच्या अंधारबावीवर बेतलंय: तीन मजले, तळाला पाणी, भिंतीतून चोरवाट, आणि पाण्यावर दोन स्पेक्टर (भुतं). वँड ऑफ फायरबॉल्स (आगगोळ्यांची जादुई कांडी) आणि थोडे स्क्रोल (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या) ठेवणार होतो. चालेल का?

फासेकरी
दोन्ही वाया जातील. त्या वँडचं अट्यूनमेंट (वस्तूशी जुळवून घेणं, त्याशिवाय ती चालत नाही) मंत्र टाकणाऱ्यालाच होतं. स्क्रोलवरचा मंत्र आपल्या क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) यादीत नसेल तर तो वाचताच येत नाही, आणि तुमच्या तिघांना यादीच नाही. थीफला या अटी माफ होतात, पण १३ व्या लेव्हलला. तोवर बाव आटेल.

वँड द्यायचीच तर मॅजिक मिसाइल्सची द्या. अट्यूनमेंट नको, ७ चार्ज. एका चार्जला ३ बाण, प्रत्येकी १डी४+१ (चार बाजूंचा एक फासा, अधिक १) डॅमेज, नेम चुकण्याचा प्रश्नच नाही. जादा चार्जमागे एक बाण वाढतो. डॅमेज फोर्सचं (निव्वळ जादुई शक्तीचं), त्यामुळे स्पेक्टरला पुरतं बसतं. पहाटे १डी६+१ चार्ज परत येतात. शेवटचा चार्ज खर्चला की डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. १ पडला तर वँडची राख. एक चार्ज कायम शिल्लक ठेवायला सांगा.

गुऱ्हाळ
पण ती बार्बेरियनच्या हातात नको. वँडमधून टाकला तरी तो मंत्रच, आणि रेजमध्ये (बार्बेरियन चवताळून लढतो तेव्हा) मंत्र टाकता येत नाही. फायटरलाही पाचव्या लेव्हलपासून परवडत नाही: वँडला अख्खी ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) जाते, म्हणजे दोन वार बुडाले. रोगला द्या, स्नीक अटॅक (रोगचा जादा डॅमेजचा वार) जमत नसेल त्या फेरीसाठी. फास्ट हँड्सने (थीफच्या झटपट जादा कृतीने) मात्र वापरता येत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर तो हमखास वाद घालणार.

तीनदरवाजा
मग बार्बेरियनला नेकलेस ऑफ फायरबॉल्स (स्फोट होणाऱ्या मण्यांची माळ)? मणी फेकणं म्हणजे मंत्र टाकणं नव्हे ना?

फासेकरी
नियमात बसतं. मणी ६० फुटांपर्यंत जातो, रेजमध्येही. पण बावीत नको. स्फोटाची त्रिज्या २० फूट, तेवढ्या अरुंद जागेत आपलीच माणसं भाजतील. ८डी६ म्हणजे सरासरी २८. स्पेक्टरला आगीचा रेझिस्टन्स (डॅमेज निम्मंच बसतं), म्हणून त्याला १४, आणि डीसी १५ चा सेव्ह (बचावाचा फासा, किमान १५ हवेत) जमला तर फक्त ७. तुमच्या माणसांना मात्र सेव्ह हुकला तर पुरते २८!

त्यापेक्षा साधी +१ कुऱ्हाड द्या. अट्यूनमेंट नाही, आणि जादुई हत्यार असल्यामुळे स्पेक्टरचा शस्त्रांविरुद्धचा रेझिस्टन्सही चालत नाही.

गुऱ्हाळ
उतरण्यासाठी इमूव्हेबल रॉड ठेवा. बटन कुणीही दाबावं, दांडा अधांतरी घट्ट. ८,००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांवर वजन पेलतो. दोर बांधायचा आणि उतरायचं. शेवटचा माणूस उतरला की दांडा वरच राहतो, एवढी गोम आहे. दार अडवायला मात्र इथे उपयोग नाही, स्पेक्टर भिंतीतूनच येतो.

तीनदरवाजा
ठरलं. वँड रोगला, कुऱ्हाड बार्बेरियनला. फायटरला?

फासेकरी
+१ तलवार. आणि प्रत्येकाला दोन-दोन पोशन ऑफ हीलिंग (जखमा भरणारं औषध), २डी४+२ वाली. पडलेल्याच्या तोंडात ओतायलाही ॲक्शन जाते, हे आधीच सांगून ठेवा.