मदत हवी आहे: सेल्फ मारला की गाडी कण्हते, हॉर्न मात्र खणखणीत

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. गाडी २०१६ ची, दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली. किक आहे, सेल्फ आहे. किकवर दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात चालू होते, चालायला एक नंबर. सेल्फ मारला की कधी नुसतं 'टक', कधी म्हाताऱ्या बैलासारखं अर्धा फेरा कण्हते आणि थांबते. दहातून एखाद्या वेळी उचलतेही. म्हणूनच जास्त राग येतो.

श्रावण लागल्यापासून हे सुरू आहे. आधी वाटलं बॅटरी गेली. गावच्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. १,४०० रुपये देऊन नवीन टाकली, जुनी त्याने ठेवून घेतली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग त्याने सीटखालच्या रिलेचे (सेल्फच्या मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचचे) दोन बोल्ट पेचकसाने जोडून पाहिले. तरी मोटर कण्हलीच. "रिले चांगला हाय भाऊ, मोटरच गेली. कार्बन घासले अशीन," म्हणाला. नवीन मोटर बसवून तीन हजाराच्या वर जाते. कपाशीला दुसरा डोस टाकून झालाय, खिशात वारा खेळतो आहे.

किक मारत राहिलो असतो, पण वावरात गाडी बाबा नेतात आणि त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. रस्त्यात बंद पडली की कोणी येईस्तोवर बांधावर बसून राहतात.

सेल्फ दाबला तरी हेडलाइट फारशी मंद होत नाही, हॉर्नही नीट वाजतो. आणि एक फालतू गोष्ट, हसू नका. खूप वेळ सेल्फ मारला की क्लचची केबल हाताला कोमट लागते. मोटर बदलू का?

प्रतिसाद १
नवीन बॅटरी डुप्लिकेट निघाली असेल. आजकाल स्टिकर बदलून विकतात. बिल घेतलं होतं का?

प्रतिसाद २
दादा, साइड स्टँडचा स्विच बघा. आमच्या गाडीत चिखल गेला होता.

प्रतिसाद ३
साइड स्टँड, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच बिघडला तर मोटरपर्यंत करंटच जात नाही. इथे मोटर कण्हते आहे, म्हणजे करंट जातो, पण पुरता पोचत नाही. तो विषय सोडा.

भाऊ, तुमची 'फालतू गोष्ट' सगळ्यात कामाची आहे. सेल्फची मोटर बॅटरीच्या प्लसवरून जाड वायरीने करंट घेते आणि इंजिनच्या अंगातून, अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरीने, मायनसला परत देते. ती परतीची वाट तुंबली की करंट दुसरी वाट शोधतो: क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, वायरिंगमधली बारीक अर्थ वायर. जाडीपेक्षा जास्त करंट गेला की केबल तापणारच. लाइट-हॉर्नचा अर्थ बहुतेक वेगळ्या वायरीने जातो, म्हणून ते टणटणीत. बॅटरी बसली असती तर सेल्फ दाबताच लाइट मेली असती. मेकॅनिकने रिले तपासला ते बरोबर केलं, पण अर्थ खराब असला तरी मोटर तशीच कण्हते.

मोटर बदलू नका. एक मल्टीमीटर मिळवा, डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. मग कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. नंतर लाल काडी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.२-०.३ पेक्षा जास्त आलं तर चोर सापडला. तसंच बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या बोल्टपर्यंत. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.

प्रतिसाद ४
आमच्याकडे उंदराने वायरिंग खाल्लं होतं, गोठ्यात गाडी लावायचो. तेही बघून घ्या राजेहो.

धागालेखक
मोटर भरणाऱ्या मित्राकडून मीटर आणला. घरासमोर अर्धी गल्ली जमली.

बॅटरी सकाळी १२.७. सेल्फ दाबल्यावर ११.४. प्लसपासून मोटरपर्यंत ०.२. मायनस ते इंजिन ४.१!

प्रतिसाद ३
चार व्होल्ट वाटेतच जातात, मोटरला सात उरतात. कण्हणारच ती. खात्री करायची तर विहिरीवरच्या मोटरच्या जाड वायरीचा तुकडा घ्या, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बोल्टला दाबून धरा आणि सेल्फ मारा. फक्त मायनसला. प्लसला चुकूनही नाही, ठिणगी उडेल. उचलली तर मायनसची काळी वायर इंजिनला जिथे बोल्टने बसते ती जागा खोला.

धागालेखक
उचलली! पहिल्याच झटक्यात. बाबा खाटेवरून उठून आले.

बोल्ट खोलला तर वॉशरखाली हिरवट-पांढरी पावडर आणि काळ्या मातीची थापी. आता ध्यानात आलं: आषाढात पावसात भिजत पोटॅश आणि डीएपीची पोती याच गाडीवर आणली, एक फाटलं होतं. खताचं पाणी निथळत तिथेच गेलं असणार. पॉलिश पेपरने वायरीचं टोक आणि इंजिनचा धातू चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. आता मायनस ते इंजिन ०.१.

पण एक शंका. सेल्फ मारताना बॅटरी आधी ११.४ दाखवायची, आता १०.५ दाखवते. बॅटरी नवीन आहे, मग कमी का?

प्रतिसाद ३
मोटर आता पोटभर करंट खाते म्हणून. आधी अर्ध्या पोटी होती, बॅटरीवर पुरता भार पडत नव्हता. साडेनऊच्या खाली गेली तरच चिंता करा. गाडी चालू असताना रेस देऊन एकदा चार्जिंगही बघा, १३.८ ते १४.५ यायला हवं. आणि त्या काळ्या वायरीचं टोक वाकवून पहा. आतली तार हिरवी पडून कडक झाली असेल तर वायर नवीनच टाका.

धागालेखक
चार्जिंग १४.२. तार मात्र कडक लागते आहे, उद्या घाटंजीच्या बाजारात वायर आणतो. बाबा गाडी घेऊन वावरात गेले आहेत, किक न मारता. त्या मेकॅनिककडे जुनी बॅटरी परत मागू का, की सोडून देऊ?

प्रतिसाद ४
मागा! फवारणीच्या पंपाला लावता येईल.