घरात गोंडी बोलणारी एकटी आई उरली, अन् ती पण चूप राहते. काय करू?

मानेवाडा_रिंगरोड

जय सेवा सगळ्यांना. आम्ही मूळचे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले, बाबांना नागपूरला नोकरी लागली अन् इकडचेच झालो. आई आता ७४ वर्षांची आहे, घरात गोंडी फक्त तिलाच येते. बाबा होते तोवर दोघं जेवणं झाल्यावर गोंडीत बोलत बसायचे, त्यातही आम्हा पोरांना समजू नये अशी गोष्ट असली की नक्कीच. बाबा गेले अन् ते बंद झालं. मला थोडं समजतं, बोलता येत नाही. पोरगी चौथीत आहे, तिला शाळेतून 'माझी मातृभाषा' वर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या तर तिनं मराठीवर लिहिलं, आता यात तिची काय चूक. पण मला त्या रात्री झोप नाही आली.

मागच्या रविवारी आईसमोर मोबाईल ठेवला अन् म्हटलं गोंडीत काही बोल, रेकॉर्ड करतो. ती म्हणे "काय बोलू?" अन् उठून भांडे घासायला गेली. तीन वेळा असंच झालं. कोणाला घरच्या घरी हे जमलंय का? अन् पोरीला शिकवायचं तर लिपी कोणती, गुंजाला की मसराम? दोन्हीचे फॉन्ट दिसतात, डोकं चक्रावलं.

बर्डीचा_पोट्टा

भाऊ राग नको मानू पण काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिला. हे नागपूरच गोंड राजाचं हाये, बख्त बुलंद शहानं १७०२ च्या आसपास बारा खेडी जोडून वसवलं, त्याच्या पोरानं चांद सुलताननं जुम्मा तलाव बांधला, तोच आपला गांधीसागर. आता त्याच गांधीसागरच्या काठावर उभा राहून कोणाले गोंडीत पत्ता विचारून पाय, कोणी सांगते का! राजाच्या गावात नाही टिकली ते तुह्या टू बीएचके मंदी कशी टिकन? पोरीले इंग्रजी शिकव.

लिपीवेडा

वरच्या भावाला उत्तर देत नाही, लिपीचं सांगतो. मसराम लिपी बालाघाटकडचे मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केली. गुंजाला म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी. मसराम युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या यादीत, २०१७ ला आली, गुंजाला २०१८ ला, म्हणून तुम्हाला दोन्हीचे फॉन्ट दिसून राहिले. माझं मत गुंजाला, कारण तिच्यात जुनं लिहिलेलं तरी आहे. मोतीरावण कंगालींची पुस्तकंही शोधा, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता त्यांनी गोंडीवर एवढं काम करून ठेवलं. हडप्पाच्या लिपीशी त्यांनी जोडलेलं नातं मला काही पटत नाही, पण तो वेगळा विषय.

रिटायर_गुरुजी

लिपी नंतर पाहा हो. देवनागरीत लिहा, चालते. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉपचे कागद तो गेल्यावर १८६६ मध्ये छापले, त्यात लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या पुराणपुरुषाचं, लांबलचक गोंडी गाणं आहे, तेही रोमन अक्षरात, म्हणून काय ते गोंडी नाही राहिलं का? माणूस बोलता आहे तोवर कानानं घ्या, वही कोणतीही चालेल.

आता तुमच्या आईचं. मी तिकडच्या शाळांमध्ये बरीच वर्षं शिकवलं आहे, अन् लाज वाटते सांगायला पण वर्गात पोरगं गोंडीत बोललं की आम्ही रागवायचो, काही जण पट्टीही मारायचे. त्या पिढीला कोणी समोर बसून "बोल" म्हटलं की ती परीक्षाच वाटते, अन् तुम्ही वरून मोबाईल ठेवता. बोलायला लावूच नका, कामाला लावा. गावाकडून वाळलेली मोहफुलं मागवा, निवडायला बसवा, पोरीला शेजारी बसवा आणि तुम्ही तिथून निघून जा. पोरीला एकच प्रश्न शिकवून ठेवा, "इद बाताल?", म्हणजे हे काय. मोबाईल राहू द्या फळीवर.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेकॉर्डिंगला गावाचं नाव लिहा, कारण धानोऱ्याची गोंडी, मंडल्याची गोंडी अन् आदिलाबादची गोंडी यात फरक पडतो, २०१८ चा तो सामायिक गोंडी शब्दकोश सहा राज्यांतल्या लोकांना बसवून करावा लागला तो काय उगीच नाही. दुसरं, पेनाचं म्हणजे देवाचं गाणं, पूजेचं काही म्हटलं तर तिला विचारल्याशिवाय कुठं टाकू नका, सगळंच ग्रुपवर फिरवायचं नसते.

अन् बर्डीवाले भाऊ, २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, भाषांच्या यादीत, मात्र गोंडी अजून नाही, संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीनं त्यात गेली. तुम्ही म्हणता टिकत नाही, तर धानोऱ्यातच मोहगावच्या ग्रामसभेनं स्वतःची गोंडी शाळा काढली आहे. गांधीसागरच्या काठी नसेल बोलत कोणी, तिकडे जाऊन पाहा.

बर्डीचा_पोट्टा

बरं गुरुजी, माघार. मले मोहगावचं माहीत नव्हतं.

मानेवाडा_रिंगरोड

गुरुजी, तुमचं ऐकलं. भाच्यानं एसटीत टाकून चार किलो मोहफुलं पाठवली. काल दुपारी मी मुद्दाम किराण्याला गेलो अन् तासाभरानं आलो. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात अर्धा आवाज नळाचा, पण पोरीनं दोनदा "इद बाताल" विचारलं तेवढं नीट ऐकू येते, पहिल्यांदा आई हसलीच फक्त, दुसऱ्यांदा म्हणाली "इरुप", अन् मग जे सुरू झाली... पहाटे टोपली घेऊन कोणासोबत जायची, झाडाखालचा पाला कोण पेटवायचा, तिच्या आईनं कशावरून मारलं होतं. मधेच मराठीत येते अन् परत गोंडीत जाते, मला निम्मं नाही समजलं. फुलं उंदी, रंड, मुंड, नालुंग असं मोजून पोरीच्या ओंजळीत टाकली, अन् आमच्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू दारात उभ्या होत्या त्या म्हणे अहो हे तर आमच्यासारखंच, रेंडु, मूडु, नालुगु! आता दोघी रोज दुपारी बसतात.

लिपीचं राहिलं बाजूला, पोरगी देवनागरीतच लिहून राहिली, सध्या सतरा शब्द झाले, त्यातले दोन आईनं खोडायला लावले कारण ते शिव्या होत्या.

आता वेगळी अडचण. चार किलो मोहफुलांचं करू काय? दारू सोडून सांगा.