मदत हवी आहे: स्वस्तातला १४९००एचएक्स घेऊ की नवा २७५एचएक्स?

जाळीदार
दोन लॅपटॉप समोर आहेत. एकात इंटेलचा कोअर आय९ १४९००एचएक्स प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यात कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स, ३२ जीबी, आरटीएक्स ५०७० टीआय. दुसरा पंचाहत्तर हजारांनी महाग. काम हेवी आहे, रात्रभर चालतं. जुन्यात ३२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आणि नव्यात फक्त २४, मग जास्त पैसे देऊन मागे का जायचं? यूट्यूबवर सगळे गेम लावून दाखवतात, त्याचा मला काडीचा उपयोग नाही. ऑफर रविवारपर्यंतच आहे, लवकर सांगा प्लीज.

सांडशी
"हेवी" म्हणजे नेमकं काय? व्हिडिओ, कंपाइल, रेंडर, सिम्युलेशन? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल.
थ्रेडचं म्हणाल तर कोअर दोन्हींत २४च आहेत, ८ पी (वेगवान) आणि १६ ई (कमी वीज खाणारे, हळू). जुन्यात पी-कोअरना हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) आहे म्हणून आकडा ३२ दिसतो. नव्यात इंटेलने ते काढूनच टाकलं. ३२ला भुलू नका.

पाचवा_मजला
दोन्ही सोडा, एम४ मॅक्स चिपवाला मॅक घ्या. १६ कोअरवाल्याची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा यायचा वेग) ५४६ जीबी प्रति सेकंद आहे. हलक्या कामात पंख्याचा आवाज नाही, चार्जरची मोठी वीट नाही.

जाळीदार
मॅक नको. सॉफ्टवेअर चालत नाही त्यावर.

सांडशी
अहो, पण कोणतं सॉफ्टवेअर?

घनमूळ
इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीला हात लावू नका. व्होल्टेज जास्त जाऊन चिप खराब होत होत्या, २०२४मध्ये केवढा गदारोळ झाला होता. स्वस्तात का काढताहेत ते यावरूनच ओळखा.

सांडशी
घनमूळ, ते डेस्कटॉपचं. ६५ वॉट आणि त्यावरच्या डेस्कटॉप चिप. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी मायक्रोकोड (चिपच्या आतलं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर) दिला तो त्यांच्यासाठी. लॅपटॉपच्या चिपमध्ये तो दोष नाही असं कंपनीनेच सांगितलंय.

घनमूळ
कंपनी सांगणारच की. १४९००एचएक्समध्ये आतला सिलिकॉनचा तुकडा डेस्कटॉपचाच असतो, लॅपटॉपसाठी बांधलेला.

सांडशी
तुकडा तोच, पण वॉट आणि व्होल्टेजची मर्यादा वेगळी. बायॉस (लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा, वॉरंटीची पावती जपा, एवढंच म्हणतो. नवा घ्यायचं हे कारण होऊ शकत नाही.

कोरडा_फडका
कोणताही घ्या, पण मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचललेली ठेवा आणि सहा महिन्यांनी पंखे साफ करा. ब्लोअर मारताना पात्याला बोट लावून धरा. पंखा मोकळा गरगरू दिला तर बेअरिंग जातं. गादीवर ठेवून रात्रभर चालवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

जाळीदार
धन्यवाद, पण गादीवर ठेवत नाही. आणि प्रश्न तो नव्हता.
सांडशी, अँसिस फ्लुएंट, हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन. मेश (प्रवाहाच्या जागेची जाळी) साधारण १ कोटी ८० लाख सेल (जाळीची घरं), डबल प्रिसिजन (जास्त अचूक आकडे), कपल्ड सॉल्व्हर (दाब आणि वेग एकत्र सोडवणारा). विंडोज ११. चाकणला क्लायंटकडे न्यावा लागतो म्हणून लॅपटॉपच हवा.

उंबरठा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता उत्तर देता येईल. आणखी एक सांगा, लायसन्स किती कोअरचं?

जाळीदार
सॉल्व्हर आणि एक एचपीसी पॅक. त्याचा प्रोसेसरशी काय संबंध?

उंबरठा
सगळा संबंध तिथेच आहे. मूळ सॉल्व्हरबरोबर ४ कोअर, एका पॅकचे ८ आणखी. झाले १२. म्हणजे २४ कोअर घ्या नाहीतर ३२ थ्रेड, फ्लुएंट तुम्हाला १२च्या वर जाऊ देणार नाही.

आता त्या १२चं काय होतं ते पाहा. फ्लुएंट मेशचे साधारण सारखे १२ तुकडे करतं आणि एकेका कोअरला एकेक देतं. दर इटरेशनला (गणिताच्या फेरीला) सगळ्यांना एकमेकांसाठी थांबावं लागतं. पी-कोअर ८च आहेत, म्हणजे ४ तुकडे ई-कोअरवर जाणार. ते रेंगाळले की आठही पी-कोअर त्यांची वाट बघत बसतात. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसं. १४९००एचएक्सचा ई-कोअर ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याचं फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश आकड्यांच्या गणिताचं) अंग मुळातच बेताचं. २७५एचएक्सचा ४.६पर्यंत जातो, आणि त्याची फ्लोटिंग पॉइंट एककं आधीच्या दुप्पट, दोनाच्या जागी चार. त्यामुळे नव्यात ही वाट बघणं बरंच कमी होतं. नव्याची तुमच्या उपयोगाची सुधारणा ही आहे. ५.८ विरुद्ध ५.४ गिगाहर्ट्झ वगैरे सोडून द्या, तो एकट्या कोअरचा क्षणभराचा आकडा. बारा कोअर तासन्‌तास राबत असताना दोघंही त्याच्या आसपास नसतात.

पण याच्याही आधी येते रॅम. सीएफडीमध्ये, म्हणजे प्रवाहाच्या अशा गणितात, सॉल्व्हर दर इटरेशनला अख्खी मेश मेमरीतून ओढतो, कॅशमध्ये (चिपमधल्या छोट्या मेमरीत) ती मावत नाही. दोन्ही चिपना मेमरी चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) दोनच. डीडीआर५-५६०० म्हणजे ८९.६ जीबी प्रति सेकंद, ६४०० म्हणजे १०२.४. नवा अधिकृतपणे ६४०० घेतो, जुना ५६००. तरी नव्या चिपच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्या ५६००च्याच टाकून विकतात, तेव्हा ते आधी विचारा. तशा असतील तर बँडविड्थच्या बाबतीत दोघे सारखेच.

आणि ३२ जीबी? दहा लाख सेलना १ ते २ जीबी हा ढोबळ हिशोब. तुम्ही कपल्ड आणि डबल प्रिसिजन दोन्ही लावता, म्हणजे वरचं टोक किंवा त्याहूनही जास्त. ३६ जीबी तर सहज. ३२ जीबीत ती केस रॅम पुरत नाही म्हणून एसएसडीवर ने-आण (पेजिंग) करत बसेल आणि मग प्रोसेसर कुठला हा प्रश्नच उरत नाही. निदान ६४ घ्या. ३२च्या दोन पट्ट्या. चार स्लॉट असतील तरी चार पट्ट्या भरू नका. बऱ्याच एचएक्स लॅपटॉपमध्ये चारही भरले की वेग ४००० किंवा त्याखाली उतरतो. पुढे वाढवायचीच झाली तर ४८च्या दोन.

घनमूळ
मग एएमडीचा रायझनच घ्या ना. ७९४५एचएक्स, सोळाच्या सोळा कोअर सारखे. पी-ई भानगडच नाही. वर एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात जास्त आकडे सोडवायची सोय), जे या दोन्ही इंटेलमध्ये नाही.

उंबरठा
कोअर सारखे, हे बरोबर. पण ७९४५एचएक्सची अधिकृत मेमरी ५२००, म्हणजे ८३.२. बँडविड्थवर अडलेल्या कामात एव्हीएक्स-५१२ला घास पोचलाच नाही तर चावणार काय? ९९५५एचएक्स ५६०० घेतो, तो मिळत असेल तर जरूर बघावा. जाळीदार यांच्या यादीत तो नाही.

पाचवा_मजला
म्हणजे अडतंय बँडविड्थवरच. मी ५४६ सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही.

सांडशी
ऐकलं हो. पण फ्लुएंट मॅकओएसवर येत नाही. ओपनफोम (प्रवाहाचंच दुसरं सॉफ्टवेअर) असतं तर तुमच्या बाजूने भांडलो असतो.

अडगळ
एक शंका. धाग्यात कोणीही "प्रक्रियक" लिहीत नाही, सगळे प्रोसेसर. आपली भाषा आपणच नाही वापरली तर कोण वापरणार?

कोरडा_फडका
दुकानात जाऊन "प्रक्रियक दाखवा" म्हणा, दुकानदार मिक्सरचं भांडं काढून देईल.

थेंबे_थेंबे
लॅपटॉपवर पावणेदोन कोटी सेल हाच मुळात हट्ट आहे. एएमडीचा जुना एपिक ७००३ सर्व्हर घ्या. ८ चॅनल डीडीआर४-३२००, म्हणजे २०४.८ जीबी प्रति सेकंद. २०२१ची चिप आहे, पण या कामात आजच्या दोन्ही लॅपटॉपना मागे टाकेल. क्लायंटकडे साधा लॅपटॉप न्या आणि रिमोटने बघा.

जाळीदार
क्लायंटच्या प्लांटमध्ये बाहेरचं नेटवर्क जोडू देत नाहीत. फाइल तिथेच उघडून तिथेच चालवावी लागते.
५०७० टीआयवर जीपीयू सॉल्व्हर (गणित ग्राफिक्स कार्डावर करणारा) लावता येईल ना? मग महागाचे पैसे वसूल.

उंबरठा
लॅपटॉपच्या ५०७० टीआयला स्वतःची मेमरी १२ जीबी, ४०७०ला ८. तुमची केस १२मध्येही मावणार नाही. शिवाय गेमिंगच्या कार्डांवर डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या एक चौसष्टांश. कार्डासाठी पैसे देऊ नका.

सांडशी
वॉटबद्दल कोणी बोललं नाही अजून. दोन्ही चिपची बेस पॉवर ५५ वॉट, कमाल १५७ आणि १६०. ते कमाल काही सेकंदांचं. पुढे रात्रभर किती मिळणार ते लॅपटॉपच्या कूलिंगवर. एकच चिप एका बॉडीत ९० वॉटवर बसते, दुसऱ्या जाडजूड बॉडीत १३०वर. पातळ बॉडीतला नवा प्रोसेसर जाड बॉडीतल्या जुन्याकडून हरू शकतो. दुकानात एचडब्ल्यूइन्फो (वॉट वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सिनेबेंच २०२४ची मल्टिकोर चाचणी दहा मिनिटं चालू द्या आणि शेवटच्या दोन मिनिटांतला सीपीयू पॅकेज पॉवर बघा. पहिल्या मिनिटाचा आकडा धरू नका. चार्जर मूळचाच हवा. टाइप-सी लावून चाचणी केली तर आकडे पडतात आणि दोष चिपला लागतो.

उंबरठा
आणि विंडोज ११ची एक खोड. फ्लुएंट सुरू करून खिडकी मिनिमाइझ केली की बॅलन्स्ड मोडमध्ये काम ई-कोअरवर ढकललं जाऊ शकतं. झोपायच्या आधी पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स"वर आणि स्लीप बंद. मग एकच केस दोनदा चालवा, प्रत्येकी ५० इटरेशन, एकदा ८ प्रोसेसवर, एकदा १२वर. ८ला लागलेला वेळ १२च्या बरोबरीने किंवा कमी आला तर चार ई-कोअर नुसतं ओझं आहेत. तेव्हा ८वरच चालवा. बायॉसमध्ये ई-कोअर बंद करायची सोय असेल तर तेही करून बघा. सगळ्या बायॉसमध्ये ती नसते. टास्क मॅनेजरमधून ॲफिनिटी (कोणत्या कोअरवर चालवायचं ते) लावणार असाल तर कोअरचे क्रमांक आधी तपासा. १४९००एचएक्समध्ये ० ते १५ पी-कोअरचे आणि १६पासून पुढे ई. २७५एचएक्समध्ये तोच क्रम असेल असं धरून चालू नका.

जाळीदार
दुकानात फोन केला. नव्यात १६च्या दोन पट्ट्या, ५६००च्याच. ६४००च्या वेगळ्या मागवाव्या लागतील. जुन्यात दोन स्लॉट आहेत आणि दोन्ही भरलेले. म्हणजे पट्ट्या दोन्हींत बदलायच्याच. दुकानदार सिनेबेंच लावू देतोय, पण दहा नाही, पाचच मिनिटं म्हणतो. शनिवारी दोन्ही लावून वॉट इथे टाकतो. जुना ११० वॉटच्या वर टिकला तर तो आणि ६४ जीबी.

सांडशी
पाच मिनिटंही चालतील, पण एकदा लावून थांबू नका. लगेच दुसऱ्यांदा लावा आणि दुसऱ्या वेळचा आकडा घ्या.

अडगळ
"पट्टी" हा शब्द मात्र छान वापरला सगळ्यांनी.

पाचवा_मजला
शनिवारी जाताच आहात तर शेजारच्या दुकानात मॅकही बघून या.