मदत हवी आहे: फ्लटरमध्ये रॅप दोनच ओळींवर कसा थांबवायचा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटासाठी फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवायचं साधन) ॲप करतोय. वर पिकांच्या चिप (नावांची छोटी बटणं) आहेत: कापूस, सोयाबीन, तूर, उन्हाळी भुईमूग वगैरे १४. नावं सर्व्हरवरून येतात, त्यामुळे संख्या आणि लांबी दोन्ही बदलतात.

आधी रो (सगळं एकाच आडव्या ओळीत मांडतो) वापरला, चिप मावल्या नाहीत आणि उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे आले. आडवं स्क्रोल दिलं, तर गटातल्या काकांना तूर सापडलीच नाही. बाजूला सरकवायचं ते कळायला काही खूणच नव्हती. रॅपने (जागा संपली की पुढच्या ओळीत नेतो) चिप नीट खाली उतरतात, पण चार-पाच ओळी होतात आणि चिपखाली दाखवलेले पिकांचे भाव स्क्रीनवर पार खाली ढकलले जातात.

मला २ ओळी आणि शेवटी ‘आणखी ५’ अशी चिप हवी. रॅपला कमाल ओळी ठरवायची सोय नाही. ठरावीक उंचीत कापलं, तर फोनचं अक्षर मोठं केल्यावर दुसरी ओळ अर्धीच दिसते. आणि मोठं अक्षर बंद करणार नाही, आमच्या निम्म्या लोकांना तेच लागतं. लेआउटबिल्डरमध्ये (उपलब्ध रुंदी सांगतो) टेक्स्टपेंटरने (मजकूर मोजतो) नावांची रुंदी मोजली, टेक्स्टस्केलरही (फोनवर अक्षर किती मोठं केलंय ते) दिला, तरी चिपच्या पॅडिंगमुळे (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) हिशोब चुकतो.

दोन ओळींत नेमक्या किती चिप बसल्या हे कळायला स्वतःचा रेंडरऑब्जेक्टच (फ्लटरमध्ये मोजमाप आणि मांडणी करणारा मूळ घटक) लिहावा लागेल, की याहून सोपा मार्ग आहे?