गर्भाची प्रथिने वार वाढवतात का?

सूक्ष्मदर्शी:
प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वारेचे वर्णन वाचताना आईकडून बाळाकडे काय जाते एवढेच समजते. परंतु वार किती वाढावी हे ठरवण्यात गर्भाच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांचाही हात असतो का, हे कुठे नीट उलगडून सांगितलेले आढळले नाही. आयजीएफ-टू या प्रथिनाचे नाव मात्र वारंवार येते. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

जनुकवेडा:
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वार ही आईची असा सर्वसाधारण समज असला, तरी तिचा बराचसा भाग ज्या फलित पेशीपासून बाळ घडते तिच्यापासूनच तयार होतो. आयजीएफ-टू हे इन्सुलिनशी साधर्म्य असलेले वाढघटक प्रथिन असून त्याचे जनुक बहुतेक ऊतींत फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरूनच वाचले जाते. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात हे जनुक निकामी केल्यावर, बिघडलेली प्रत नराकडून आली असेल तर पिल्ले नेहमीच्या सुमारे 60 टक्के वजनाची जन्मली. तीच प्रत मादीकडून आल्यास काहीच फरक पडला नाही.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारे काम केंब्रिजच्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडले. त्यांनी उंदराच्या गर्भातील आयजीएफ-टू बंद केले, पण वारेच्या बाहेरच्या थरातील ट्रोफोब्लास्ट पेशींतील तसेच राहू दिले. तरीही, जिथे आई आणि पिल्लू यांच्या रक्तात देवाणघेवाण होते त्या थरातील केशवाहिन्यांचे जाळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात पसरायचे तसे पसरले नाही. म्हणजे गर्भ आपल्या रक्तातून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून जणू मागणी नोंदवतो. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, हे इथे शब्दशः लागू पडते!

प्रसूतिकक्षातून:
मानवी बाजूने भर घालते. आईला मधुमेह असेल तर तिच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून पलीकडे जाते, इन्सुलिन मात्र जवळजवळ जात नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन वाढवते, आणि अशा वेळी बाळाबरोबर पुष्कळदा वारही वजनदार भरते. यात मला सर्वांत रोचक वाटणारी बाब अशी की इन्सुलिनचे ग्राहक (पेशींवरील, इन्सुलिन पकडणारी प्रथिने) सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या आईकडील पृष्ठभागावर अधिक असतात, तर दिवस भरताना ते प्रामुख्याने गर्भाकडील केशवाहिन्यांच्या अस्तरावर आढळतात; जणू कारभार हळूहळू बाळाकडे सोपवला जातो. प्रसूतीनंतर वार तबकात पसरून तपासताना बाळाकडील गुळगुळीत, चकाकत्या बाजूवर नाळेपासून फुटलेल्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. साधारण अर्धा किलोची ती वार पाहताना हे सगळे आठवते.

सूक्ष्मदर्शी:
मनःपूर्वक आभार. मग आईच्या रक्तातील आयजीएफ-टू मोजून वारेची वाढ खुंटली आहे हे ओळखता येईल का?

जनुकवेडा:
इतके सोपे नाही. माणसात प्रौढ वयातही यकृत हे प्रथिन बनवत राहते, त्यामुळे आईच्या रक्तात आढळणाऱ्या प्रथिनाचा मोठा वाटा तिचा स्वतःचाच असतो. उंदरात मात्र त्याचे प्रमाण जन्मानंतर झपाट्याने घटते; म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला लावताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. बाळाची स्वतःची पातळी हवी असेल तर जन्मानंतर नाळेतील रक्तच तपासावे लागते, आणि तोवर वार आपले काम संपवून बाहेर पडण्याच्या बेतात असते.