पडद्यावरचा हिममानव आणि बर्फातली पावले : आपले अनुभव लिहा

स्कूबी-डू या कार्टूनमधल्या कुत्र्याच्या २००७ सालच्या चित्रपटात सुट्टीसाठी पॅरिसला जायला निघालेले स्कूबी आणि त्याचा मित्र शॅगी हिमालयात येऊन पोहोचतात आणि हिममानव त्यांच्या मागे लागतो. तो पाहिल्यावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीने कित्येक रात्री पांघरुणाबाहेर पाय काढला नाही. या भित्र्या कुत्र्याच्या गोष्टींमध्ये १९६९पासून बहुतेक वेळा भुताच्या मुखवट्याआड माणूसच निघतो, हे तिला ठाऊक होते, तरीही तिने विचारले, “पण खरा असला तर?” या प्रश्नाशी ज्यांची गाठ पडली असेल, घरात असो वा डोंगरात, त्यांनी कृपया लिहावे.

पुण्याहून :
एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाताना आम्ही नेपाळमधल्या खुमजुंग गावच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, थांबलो होतो. तिथे कुलूपबंद काचेच्या पेटीत यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोक्याची म्हणून जपलेली, राठ तांबूस केसांची, शंकूसारखी टाळू आहे. ती १९६० साली एडमंड हिलरी यांनी तपासणीसाठी परदेशी नेली तेव्हा गावाने ती परत आणण्याची मुदत घालून दिली आणि खुंजो चुंबी हे गावचे ज्येष्ठ गृहस्थ तिच्यासोबत शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत गेले. सेरो या रानशेळीसारख्या प्राण्याचे कातडे साच्यावर ताणून ती घडवली असावी, असा निष्कर्ष निघाला. हे मी आधीच वाचलेले होते. तरीही पेटी उघडणाऱ्या आजोबांनी आधी हात जोडले, मग कुलूप काढले, तेव्हा माझेही हात आपोआप जोडले गेले. मुखवटा उतरल्यावर गोष्ट संपते, असे मला त्या दिवसापासून वाटत नाही.

नाशिकहून :
हिमाचलमधल्या लाहौलमध्ये वाटाड्याने आम्हाला अस्वलाचा ताजा माग दाखवला. पुढच्या पंजाच्या ठशावरच मागचा पाय पडल्याने दोन्ही मिळून माणसाच्या पावलासारखा एकच लांबट ठसा उमटला होता आणि टोकाला नखांच्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी वीत लावून पाहिली. जेमतेम दीड वीत भरली. तिसऱ्या दिवशी परतताना उन्हाने कडा वितळून तोच ठसा दोन वितींहून मोठा झाला होता आणि नखांच्या रेघा पार पुसल्या गेल्या होत्या. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जनुकीय तपासणीत एक कुत्र्याचा आणि बाकीचे अस्वलांचे निघाले, ही बातमी वाचताना मला तो ठसा आठवला.

साताऱ्याहून :
मी शिक्षक आहे. नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद पावले दिसल्याचे भारतीय सैन्याने एप्रिल २०१९मध्ये छायाचित्रांसह जाहीर केले, तेव्हा मी तेवढे पाऊल खडूने वर्गाच्या फरशीवर काढले. सातवीची तीन मुले त्यात दाटीवाटीने उभी राहिली आणि वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी छायाचित्र हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, ही पावलं सगळी एकाच रेषेत आहेत. याचा डावा पाय कुठला आणि उजवा कुठला?”